पुण्याच्या आसपास हिवाळी पक्षीनिरीक्षण: टेकडी, नदी, डोंगर आणि माळ

पुण्याच्या पश्चिमेला ताम्हिणीत वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. शहरात येईपर्यंत तो सातशेच्या आसपास उरतो आणि पूर्वेकडे, दौंड-बारामतीच्या बाजूला, पाचशेच्या आतबाहेर. दीडशे किलोमीटरांच्या पट्ट्यात पावसाचं मान इतकं बदलतं आणि त्याबरोबर झाडं, गवत, पाणी आणि पक्षीही बदलतात. सकाळी सिंहगडाच्या घळीत झाडीतले माशीमार पाहून दुपारनंतर सासवडच्या पुढे माळावर भोवत्या हा शिकारी पक्षी बघता येतो. अशी सोय फार थोड्या शहरांना आहे.

पण नवीन माणूस बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने सुरुवात करतो. फ्लेमिंगोचे फोटो पाहतो, एका रविवारी गाडी काढून भिगवण गाठतो, बोटीत बसतो, हजारभर पक्षी पाहतो आणि घरी आल्यावर त्यातले चार सोडता एकही ओळखता आलेला नसतो. माझं म्हणणं असं, की पहिल्या हिवाळ्यात घराजवळची एक जागा पक्की धरावी, तिथे पुन्हा पुन्हा जावं आणि मग टप्प्याटप्प्याने पाणी, डोंगर, माळ असं पुढे सरकावं. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी वेळापत्रक समजून घ्या

हिवाळी पक्षी एका दिवशी येत नाहीत. सप्टेंबरच्या मध्यावर, पाऊस चालू असतानाच, करडा धोबी ओढ्यांवर आणि घाटातल्या ओल्या रस्त्यांवर दिसू लागतो. भोरड्यांचे म्हणजे गुलाबी मैनांचे थवे त्याच सुमारास, कधी त्याआधीही येतात. ऑक्टोबरमध्ये झाडीतले छोटे वटवटे आणि माशीमार, तारांवर माळभिंगऱ्या, माळावर पहिले भोवत्या. बदकांची खरी गर्दी नोव्हेंबर उजाडल्यावर होते. पट्ट कादंब म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस त्यानंतर येतात आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत राहतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगोंचं गणित वेगळं आहे, ते भिगवणच्या भागात सांगतो.

नवशिक्याला बदकं शिकायची असतील तर डिसेंबर उजाडू द्यावा. स्थलांतर करून आलेले बरेचसे नर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मादीसारख्याच मळकट तपकिरी पिसाऱ्यात असतात. पुस्तकातल्या रंगीत चित्राशी ते जुळत नाहीत आणि माणूस विनाकारण खचतो. डिसेंबर-जानेवारीत नरांना रंग चढतो, तेव्हा तेच पक्षी सोपे वाटतात.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली या दोघांच्या जन्मदिवसांमधला हा आठवडा २०२० पासून राज्य शासनातर्फे साजरा होतो. या दिवसांत बऱ्याच संस्था आणि वनविभाग मोफत फेऱ्या काढतात. पहिली फेरी जाणत्या माणसाबरोबर व्हावी असं वाटत असेल तर हा आठवडा धरावा.

साहित्य: दुर्बीण एक, पण नीट लावलेली

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. मी सुरुवातीला ८×४२ सुचवतो. दहापट मोठं दिसणं मोहात पाडतं, पण त्यात हाताचा कंपही दहापट होतो आणि दृश्याचा घेर लहान होतो, त्यामुळे फांदीआड उडणारा वटवट्या सापडतच नाही. फक्त माळ आणि धरणांवरच जाणार असाल तर १०×४२ चालेल. त्याहून जास्त पटीच्या आणि झूमवाल्या स्वस्त दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका.

दुर्बीण हातात आली की घरीच तीन गोष्टी करा.

१. दोन्ही नळ्या जवळ-दूर करून दोन वर्तुळांचं एकच वर्तुळ दिसेल असं अंतर ठरवा. चष्मा लावत असाल तर डोळ्यांजवळच्या रबरी वाट्या खाली दाबून ठेवा, नसेल तर वर ओढा.

२. समोरच्या इमारतीवरची पाटी निवडा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करा. मग डावा डोळा मिटा आणि मधलं चाक न हलवता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. कडीची जागा लक्षात ठेवा. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं.

३. पक्षी उघड्या डोळ्यांनी आधी हेरायचा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. मान खाली घालून दुर्बीण शोधलीत की पक्षी हरवला. गॅलरीतून कावळ्यांवर याचा सराव करा, चार दिवसांत हात बसतो.

बाकी सामान थोडंच आहे. छोटी वही, पेन्सिल, पाणी, टोपी, मळखाऊ किंवा गवती रंगाचे कपडे. पांढरा शर्ट आणि भडक जॅकेट टाळा. डिसेंबरात पहाटे नदीकाठी पारा दहाच्या खाली जातो आणि अकरा वाजता घाम फुटतो, म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. माळावर जाताना पायमोजे जाड विणीचे नकोत. कुसळं त्यात अशी रुततात की दुसऱ्या दिवशीही पायाला टोचत राहतात. सुती विजार आणि घोट्याच्या वर येणारे बूट हे उत्तम.

मोबाइलवर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेची दोन मोफत अॅप घ्या. ओळखायला मर्लिन, नोंदीसाठी ई-बर्ड. मर्लिन आवाजावरून नावं सुचवतं. ती सूचना समजायची, पुरावा नव्हे. पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत नाव वहीत चढवू नका.

पहिला टप्पा: घराजवळची टेकडी

वेताळ टेकडी, तळजाई, पाषाण-बाणेरची टेकडी, विद्यापीठाचा परिसर, एम्प्रेस गार्डन. यातलं जे घरापासून पायी किंवा सायकलवर असेल ते निवडा. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात सूर्य सात-सव्वासातला उगवतो. पावणेसातला टेकडीवर असा आणि नऊपर्यंत थांबा. पक्षी नेहमी फिरायला जाणाऱ्या माणसांना सरावलेले असतात, त्यामुळे जवळून दिसतात.

इथे पहिले दोन आठवडे फक्त बारमाही पक्षी पक्के करा: बुलबुल, शिंजीर, शिंपी, चिरक, दयाळ, राखी वटवट्या, तांबट, वेडा राघू, कोतवाल, खाटीक. हे डोळे मिटून ओळखता आले की पाहुणा आपोआप वेगळा दिसतो.

मग पाहुणे. बांधकामाच्या विटांवर, गच्चीच्या कठड्यावर किंवा खडकावर बसून सारखी शेपटी थरथरवणारा, काळसर अंगाचा आणि तांबूस शेपटीचा पक्षी म्हणजे कृष्ण थिरथिरा. मादी फिकी तपकिरी, पण शेपटी तशीच तांबूस. झाडीच्या सावलीत खालच्या फांदीवर शेपटी वर उचलून सुकं ‘ट्र्र्र’ करणारा चिमुकला पक्षी हा लाल कंठाचा माशीमार. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके दिसले की खात्री. आंब्याच्या शेंड्यात दिवसभर ‘चिस्ली, चिस्ली’ चालू असतं पण पक्षी दिसत नाही, तो हिरवट वटवट्या. झुडपात लपून दगडावर दगड आपटल्यासारखा ‘चक् चक्’ करणारा ब्लिथचा बोरू वटवट्या. हे दोन्ही सोसायटीच्या बागेतसुद्धा येतात. त्यांचे आवाज एकदा कानात बसले की शहर हिवाळ्यात किती बदलतं हे घरबसल्या कळतं.

वेताळ टेकडीच्या जुन्या दगडखाणीजवळ थांबून कड्याच्या काठावर नजर फिरवा. तिथे निळा कस्तूर ताठ बसलेला सापडण्याची शक्यता असते. लांबून तो काळाच वाटतो. ऊन अंगावर पडलं की राखाडी निळा रंग उमटतो.

दुसरा टप्पा: कवडीपाट

हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने जाताना टोलनाक्याजवळून डावीकडे नदीकडे उतरलं की मुळा-मुठेवरचा जुना दगडी बंधारा लागतो. पक्षी शिकायला पुण्याजवळ याहून चांगली शाळा मला माहीत नाही. कारण साधं आहे. पाणी उथळ, काठ उघडा आणि पक्षी माणसाला सरावलेले. शिवाय महामार्ग नदीच्या दक्षिणेला असल्याने आपण दक्षिण काठावर उभे असतो आणि हिवाळ्यातला सूर्य आग्नेयेकडून, म्हणजे आपल्या पाठीमागून येतो. पक्ष्यांवर सरळ उजेड पडतो आणि रंग खरे दिसतात. कुठल्याही पाणथळ जागी आधी सूर्य कुठे आहे ते पाहून मग उभं राहायची जागा ठरवावी.

पोचल्यावर लगेच बंधाऱ्यावर चालत जाऊ नका. काठावर दहा मिनिटं स्वस्थ उभे राहा आणि पाण्याचे तीन पट्टे करा: चिखलाचा काठ, उथळ पाणी, खोल पाणी. प्रत्येक पट्टा दुर्बिणीने डावीकडून उजवीकडे पूर्ण बघा.

काठावर धोबी असतात आणि इथे ते चार-पाच जातींचे एकत्र मिळतात. पांढरा चेहरा, गळ्यावर काळा डाग, राखाडी पाठ तो पांढरा धोबी. काळं डोकं, काळी पाठ, ठसठशीत पांढरी भुवई आणि अंगानेही मोठा तो आपला बारमाही मोठा धोबी. लांबच लांब शेपटी आणि शेपटीखाली पिवळा तो करडा धोबी, हा वाहत्या पाण्यातल्या दगडांवर जास्त. शेपटी त्यामानाने आखूड, पाठ हिरवट, गवतात किंवा गुरांच्या पायांत फिरणारा तो पिवळा धोबी. संपूर्ण डोकं लिंबासारखं पिवळं आणि पंखांवर दोन पांढरे पट्टे असतील तर लिंबू धोबी.

त्याच काठावर तुतारी पक्ष्यांच्या तीन जाती नवशिक्याला घोळात पाडतात. अंग सतत मागेपुढे झुलवणारी आणि छातीच्या बाजूने खांद्यापुढे पांढरी पाचर वर चढलेली, ती सामान्य तुतारी. पाठीवर भरपूर ठिपके आणि डोळ्यावर स्पष्ट फिकी भुवई, ती ठिपकेवाली तुतारी. पाठ गडद, आणि दचकून उडाली की काळ्या पंखांच्या मध्ये शेपटीचं बूड पांढरंशुभ्र चमकतं, ती हिरवी तुतारी. बसलेला पक्षी कळला नाही तर उडायची वाट पाहा, मुद्दाम उडवू नका.

उथळ पाण्यात गुलाबी काटकुळ्या पायांचे शेकाटे, मोर शराटी, चित्रबलाक, राखी बगळे. त्यापुढे बदकं. हळदी-कुंकू बदकाच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी दोन लाल ठिपके असतात. केशरी अंगाचं, फिकट डोक्याचं आणि जोडीने राहणारं मोठं बदक म्हणजे चक्रवाक. थापट्याकडे मात्र थोडा वेळ थांबून बघा. त्याची चोच टोकाकडे पसरट, फावड्यासारखी होत जाते. थापटे एकामागोमाग एक गोल फिरतात, प्रत्येकाची चोच पाण्याच्या पृष्ठभागाला टेकलेली. फिरण्यामुळे खालचं अन्न वर येतं, चोचीच्या कडेला असलेल्या बारीक दातेरी पडद्यातून पाणी गाळलं जातं आणि सूक्ष्म जीव आत राहतात. अधूनमधून एखादा मान उचलतो, चोचीच्या दोन्ही बाजूंनी पाणी ओघळतं आणि तो पुन्हा चाकोरीत शिरतो. नाव शोधण्यापेक्षा हे बघण्यात जास्त शिकायला मिळतं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कवडीपाटला येणारं पाणी शहराचं सांडपाणी घेऊन येतं. बंधाऱ्याला प्लॅस्टिक अडकलेलं असतं, फेस असतो, वासही असतो. चिखलातल्या अळ्या-किड्यांवर जगणारे धोबी, शेकाटे, तुताऱ्या अशा पाण्यावरही मोठ्या संख्येने दिसतात. त्यावरून नदी निरोगी आहे असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पाषाण तलावावर तर जलपर्णीने उघडं पाणीच झाकत आणलं, आणि बदकांना उघडं पाणी लागतं. तिथे आज जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी बघायला जावं, बदकांची अपेक्षा ठेवू नये.

तिसरा टप्पा: सिंहगडाची घळ

पायथ्याच्या आतकरवाडीपर्यंत पीएमपीची बस जाते. गडाची वाट सोडून ओढ्याच्या कडेने झाडीत शिरायचं. रविवारी गर्दी फार असते, शक्यतो मधल्या वारी जा. रविवारच जमत असेल तर साडेसहाला तिथे पोचा आणि गड चढणारी माणसं वाढली की परत फिरा.

झाडीत चालून पक्षी दिसत नाहीत. ओढ्यात जिथे पाणी शिल्लक आहे त्यापासून पंधरा-वीस पावलांवर झाडाला टेकून बसा. अर्धा तास काहीच होत नाही. मग एखादा हळद्या किंवा सुभग येतो आणि त्याच्यामागून बाकीचे. बहुतेक वेळा ही मिश्र टोळी असते, राखी डोक्याचा माशीमार, काळ्या मानेचा माशीमार, वटवटे आणि नाचण एकत्र फिरतात. नाचणाची हालचाल दिसली की आसपासची प्रत्येक फांदी बघा. आकाशी-हिरवट निळा, डोळ्यापुढे काळा डाग असलेला नीलांग उंच उघड्या फांदीवर बसतो. निळ्या डोक्याचा कस्तूर जमिनीवर पाचोळ्यात उतरतो आणि आपण हललो नाही तर बराच वेळ तिथेच राहतो. नवरंग बघायला हिवाळ्यात इथे येऊ नका, तो विणीसाठी पावसाळ्याच्या तोंडावर येतो.

या घळीत फोटोसाठी अळ्या टाकून किंवा मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला ठरावीक फांदीवर आणण्याचे प्रकार चालतात. मला हे अजिबात मान्य नाही. आवाज ऐकून आलेला पक्षी आपली हद्द राखायला आलेला असतो, खाणं सोडून. एका सकाळी दहा जणांनी दहा वेळा हेच केलं तर त्याच्या दिवसाचं काय होतं याचा विचार करा. कुणी करत असेल तर त्याला शांतपणे सांगा, आणि असा फोटो काढून देतो म्हणणाऱ्या वाटाड्याला पैसे देऊ नका.

चौथा टप्पा: माळ

सासवड, जेजुरी, मोरगाव, सुपे या पट्ट्यातली माळरानं माझ्या मते पुण्याच्या हिवाळ्यातला सगळ्यात श्रीमंत भाग आहेत आणि सगळ्यात दुर्लक्षितही. सरकारी दप्तरात यातली पुष्कळ जमीन पडीक म्हणून नोंदलेली असते. मग तिथे सौर प्रकल्प येतो, प्लॉटिंग होतं, किंवा चांगल्या हेतूने खड्डे खणून गिरिपुष्प लावलं जातं. गवतात जमिनीवर अंडी घालणाऱ्या चंडोल, धाविक आणि पाखुर्डीला झाडांची सावली नको असते, त्यांना आखूड गवत आणि लांबवर दिसणारी उघडी जमीन हवी असते.

सुरुवातीला सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य बरं. पुण्यापासून सुमारे सत्तर किलोमीटर, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, चिंकारा हरणांसाठी राखलेलं. रीतसर तिकीट काढून आत जाता येतं. इंदापूर-बारामतीकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे वनविभागाने माळाची सफारीही चालू केली आहे, तिथे स्थानिक वाटाडे मिळतात. लांडगा, खोकड बघायची इच्छा असेल तर त्यांच्याबरोबरच जावं. अभयारण्याबाहेरचे माळ बहुधा गायरान किंवा कोणाच्या तरी मालकीचे असतात. मेंढपाळ किंवा शेतकरी भेटला की राम राम घालावा, काय करतोय ते सांगावं. कोणता पक्षी कुठे उतरतो हे त्याला आपल्यापेक्षा नेमकं ठाऊक असतं.

माळावरचं निरीक्षण असं करा:

गाडी मळलेल्या चाकोरीवरच ठेवा. चाकोरी सोडून गवतात गाडी घालणं हा माळावरचा सगळ्यात मोठा अपराध. धाविकाचा रंग मातीत इतका मिसळलेला असतो की चाकाखाली येईपर्यंत दिसत नाही. गाडी थांबवून आतूनच बघा, पक्षी गाडीपेक्षा माणसाच्या उभ्या आकृतीला जास्त बिचकतात.

पहिल्या तासात झुडपांचे शेंडे आणि कुंपणाचे खांब तपासा. गप्पीदास, खाटीक, कापशी तिथे असतात. मग दगड आणि ढेकळं. वाळूच्या रंगाचा, ताठ उभा राहणारा आणि उडाल्यावर काळी शेपटी दाखवणारा तो रणगोजा. जमिनीवर तुरुतुरु धावणाऱ्या तिरचिमण्या आणि चंडोल यांच्यात पहिल्या वर्षी फार डोकं घालू नका, वहीत ‘चंडोल’ एवढंच लिहिलं तरी चालतं.

आठ ते दहाच्या दरम्यान एखाद्या पाणवठ्यापासून लांब बसा. पाखुर्ड्या याच वेळी पाणी प्यायला येतात. आधी आकाशातून घोगरा ‘कट्रो’ असा आवाज, मग टोकदार शेपटीचे सात-आठ पक्षी वेगाने फेरी मारतात, काठावर उतरतात, घाईने पितात आणि मिनिटाभरात जातात. पाणवठ्यालाच चिकटून बसलात तर ते तहानलेले परत जातात.

भोवत्यांसाठी दुपारी चारनंतरची वेळ. गवताच्या पात्यांवरून हातभर उंचीने, पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे वर धरून, डावीउजवीकडे कलत तो येतो. मध्येच गर्रकन वळून गवतात पडतो, बहुतेक वेळा नाकतोड्यासाठी. नर फिकट राखाडी असतात. पंखांवर आडवी काळी रेघ दिसली तर माँटेग्यूचा, आणि रेघ नसून फक्त टोकाशी काळी पाचर असेल तर पांढुरका भोवत्या. माद्या आणि पिल्लं दोन्ही जातींची तपकिरी, त्यांच्यात जाणते लोकही अडतात. ‘भोवत्या, मादी किंवा पिल्लू’ ही नोंद प्रामाणिक आहे. हे पक्षी रात्री उंच गवतात जमिनीवरच एकत्र बसतात. अशी जागा सापडली तर दुरूनच मोजा, आत शिरू नका आणि जागा कुठेही जाहीर करू नका.

ज्वारीला कणीस आलं की भोरड्यांचे थवे शेतांवर उतरतात. संध्याकाळी बाभळीच्या बनात मुक्कामाला जाण्यापूर्वी त्यांचे हजारोंचे लोट आकाशात आकार बदलत फिरतात. बारामतीच्या बाजूला हे बघण्यासाठी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागेवर असायला हवं.

पाचवा टप्पा: आता भिगवण

एवढं झाल्यावर भिगवणला जा, मग बोटीत बसल्यावर वाटाड्याच्या बोटाकडे बघत राहावं लागणार नाही. पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, सोलापूर रस्त्यावर. रेल्वेनेही भिगवण स्थानकापर्यंत जाता येतं. भीमेवरच्या उजनी धरणाचा हा फुगवटा. कुंभारगाव आणि डिकसळ इथले मासेमार बोटी चालवतात, अनेकांच्या घरी राहण्या-जेवण्याची सोय होते. चिलापीचं कालवण आणि भाकरी खाल्ल्याशिवाय परतू नये.

रोहित पक्ष्यांना उथळ पाणी आणि उघडा चिखल लागतो. उजनी काठोकाठ भरली असेल तर डिसेंबरमध्येसुद्धा त्यांना उभं राहायला जागा नसते. पाणी शेतीला सुटून पातळी उतरली की चिखलाचे काठ उघडे पडतात आणि रोहित दिसू लागतात, साधारण जानेवारीपासून. म्हणून तारीख ठरवण्याआधी वर्तमानपत्रात येणारी उजनीच्या साठ्याची टक्केवारी बघा आणि बोटवाल्याला फोन करून विचारा. चांगल्या पावसाच्या वर्षी फेब्रुवारी-मार्च धरावा.

बोटीत बसण्याआधीच नावाड्याला सांगून ठेवा, की दादा, जवळ नेलं नाही तरी चालेल, पक्षी उडवायचे नाहीत. बरेच नावाडी गिऱ्हाइकाच्या आग्रहापोटी थव्यात बोट घालतात. आपण नको म्हटलं की त्यांनाही बरं वाटतं. चरणारे रोहित माना खाली घालून असतात. त्यांनी माना वर केल्या आणि सगळे एका दिशेला चालू लागले, की बोट तिथेच थांबली पाहिजे.

याच पाण्यावर नदी सुरय, तपकिरी डोक्याचे कुरव, खांबावर बसलेला कैकर, त्या सगळ्यांना एका झेपेत उठवणारा बहिरी ससाणा. काठच्या हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत पट्ट कादंब चरतात. तिबेट-मंगोलियाच्या पठारांवर वीण करून हिमालय ओलांडून आलेले हे पक्षी नीरेवरच्या वीर धरणावरही चांगले दिसतात. कोणाच्या मानेत रंगीत पट्टा किंवा पायात कडी दिसली तर रंग आणि त्यावरची अक्षरं जमतील तशी टिपा, फोटो काढा आणि ई-बर्डच्या नोंदीत लिहा. तो पक्षी कुठे कड्या घालून सोडला होता हे त्यावरून शोधता येतं. परतीच्या वाटेवर भादलवाडीच्या तलावापाशी थांबा, तिथे चित्रबलाकांची वसाहत आहे. घरट्यांच्या झाडांपासून लांबच राहा.

नोंदी कशा ठेवायच्या

प्रत्येक फेरीची तारीख, जागा, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, जाती आणि संख्या. संख्या अंदाजे असली तरी लिहा. थव्यातले दहा पक्षी मोजा, ते किती जागा व्यापतात ते नजरेत धरा आणि तेवढे तुकडे थव्यात किती बसतात ते बघा. ‘पुष्कळ’ असं लिहिलेलं पुढच्या वर्षी निरुपयोगी ठरतं. ई-बर्डवर मराठी नावंही निवडता येतात.

एकाच जागी दर आठवड्याला केलेली नोंद दहा वेगवेगळ्या जागांच्या दहा नोंदींपेक्षा मोलाची. त्यातून पहिला धोबी कधी आला, शेवटचा थापट्या कधी गेला, जलपर्णी वाढल्यावर काय घटलं हे कळतं. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते आणि फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. दोन्हींत कोणीही भाग घेऊ शकतो, दुसरीला तर पंधरा मिनिटं पुरतात.

संक्रांतीच्या आसपास मांजात अडकलेले पक्षी सापडतात. ओढून मांजा सोडवू नका, पंख कापला जातो. पक्ष्यावर पातळ फडकं टाका, झाडाकडून येणारा दोरा कात्रीने कापा आणि पंखात गुंतलेला तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, दाणे भरवू नका. वनविभागाचा १९२६ हा मदत क्रमांक लावा आणि पक्षी नेमका कुठे सापडला ते सांगा, कारण बरा झाल्यावर त्याला तिथेच सोडायचं असतं.